अंगठ्याचे बळ कोठे असते?

आपल्या भाषेने अंगठ्याला फारसा मान दिलेला नाही. ज्याला अक्षरओळख नाही तो अंगठेबहाद्दर. आणि शब्द देऊन ऐन वेळी जो पाठ फिरवतो त्याने अंगठा दाखवला, असे आपण म्हणतो. वास्तविक पाहता अंगठेबहाद्दराला हिणवणाऱ्या पंडिताची लेखणीदेखील अंगठ्यानेच तोललेली असते. सुईत दोरा ओवणे, चिमटीतून रांगोळीची रेघ सोडणे, मोदकाच्या पारीला कळ्या पाडणे, कुलपात किल्ली फिरवणे, सदऱ्याची गुंडी लावणे, यांपैकी कोणतेही काम अंगठा बाजूला ठेवून करून पाहावे. म्हणजे पाच बोटांच्या या कुटुंबात खरा कारभारी कोण, याचा उलगडा होतो.

महाभारतकारांनी मात्र अंगठ्याची किंमत नेमकी ओळखली होती. द्रोणाचार्यांनी एकलव्याजवळ धनुष्य मागितले नाही, की सबंध हातही मागितला नाही. उजवा अंगठा मागितला. आदिपर्वातील या कथेचा शेवट पुष्कळांच्या स्मरणात नसतो. अंगठा देऊन झाल्यावर एकलव्य धनुर्विद्या सोडून बसला नाही. तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला; परंतु पूर्वीची चपळाई त्याच्या हाती राहिली नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे वर्णन यथार्थ आहे. ओढण्याचे बळ बोटांत शिल्लक राहते. पण बोटांच्या समोर उभे राहून वस्तू पकडणारा, फिरवणारा आणि नेमक्या क्षणी सोडणारा जोडीदार गेला, की हाताचे कौशल्य जाते.

कायद्याने हाच हिशेब टक्क्यांत मांडला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते, व ते पुढे वेळोवेळी सुधारले गेले. त्या सुधारलेल्या परिशिष्टात हाताचा अंगठा गेल्यास कामगाराची मिळकतीची शक्ती तीस टक्के घटली असे धरलेले होते. एका हाताची तीन बोटे गेली तरी आकडा तोच, तीस टक्के. एकटी करंगळी किंवा एकटी अनामिका पूर्ण गेल्यास मात्र सात टक्के. एक अंगठा आणि तीन बोटे यांचे पारडे कायद्याने असे सारखे तोलले होते.

तेव्हा अंगठ्याचे मोल कथाकाराला कळले आणि कायद्यालाही कळले. आमचा आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे सामर्थ्य अंगठ्यात येते कोठून? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. अंगठा दुबळा होऊ लागतो तेव्हा दोष कोठे शोधावयाचा आणि किती लवकर शोधावयाचा, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. आणि तो शोध वेळेवर झाला नाही म्हणून चांगले कमावते हात निकामी झाल्याची उदाहरणे आपल्या समाजात थोडी नाहीत.

अंगठा आणि त्याचे दोर

आपला अंगठा दुसऱ्या हाताने चाचपून पाहावा. नखापासून खाली तळहाताच्या कडेपर्यंत जो सुटा भाग आहे, त्यात दोन हाडे, त्यांवर कातडी, थोडी चरबी, रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणारे तंतू लागतात. स्नायूचे मांस म्हणाल तर त्यात नाहीच म्हटले तरी चालेल. म्हणजे जो अवयव सर्व बोटांत बलवान, त्याच्या स्वतःच्या घरात बळाचा साठा नाही! कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुली हात उचलते, मान वळवते. पण ओढणारा हात दूर असतो आणि बाहुलीपर्यंत पोहोचतात ते केवळ दोर. अंगठ्याची व्यवस्था पुष्कळशी अशीच आहे. स्नायू अन्यत्र असतात. त्यांच्या टोकांना असलेल्या चिवट, पांढऱ्या कंडरा दोरासारख्या अंगठ्याच्या हाडांना येऊन चिकटतात. स्नायू आखडला की कंडरा ओढली जाते आणि हाड हलते. स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. म्हणून प्रत्येक दिशेच्या हालचालीसाठी स्वतंत्र दोर लागतो.

अंगठ्याला हलवणारे मुख्य स्नायू आठ आहेत. त्यांतील चार कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात, म्हणजे पुढच्या हातात राहतात. उरलेले चार तळहातात राहतात. लॅटिन भाषेत अंगठ्याला पॉलेक्स म्हणतात, त्यावरून वैद्यकात या सर्वांची नावे पॉलिसिस अशी पडली आहेत. आम्ही येथे त्यांना त्यांच्या कामावरूनच ओळखू.

दूरचे चौघे

पहिला, अंगठ्याचे शेवटचे पेर वाकवणारा लांब स्नायू. मनगटापासून चार बोटे वर, तळहाताच्या बाजूने अंगठ्याकडच्या कडेला दुसऱ्या हाताची बोटे रोवून ठेवावीत आणि अंगठ्याचे टोक वाकवावे. बोटांखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटते, तोच हा. त्याची कंडरा मनगटातील एका अरुंद बोगद्यातून तळहातात उतरते आणि थेट नखाच्या पेराला जाऊन चिकटते. अंगठ्याचे ते शेवटचे पेर वाकवणारा दुसरा कोणताही स्नायू शरीरात नाही. मोबाइलवर अंगठ्याने अक्षरे उमटवणाऱ्या तरुणाचे काम हाच करतो आणि नाणे चिमटीत घट्ट धरणाऱ्या दुकानदाराचेही.

बाकीचे तिघे पुढच्या हाताच्या पाठीवर आहेत. त्यांतील एक अंगठा तळहातापासून दूर नेतो. दुसरा आखूड स्नायू पहिले पेर ताठ करतो. तिसरा लांब स्नायू शेवटचे पेर ताठ करतो आणि सबंध अंगठा मागे उचलतो. हे तिघे पाहणे अगदी सोपे आहे. अंगठा जोर देऊन ताठ व मागे करावा. मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी दोन दोर उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळी पडते. पूर्वी तपकीर ओढणारी मंडळी याच खळीत चिमूटभर तपकीर ठेवून नाकाशी नेत. म्हणून पाश्चात्त्य वैद्यांनी या खळीला तपकिरीची डबी असेच नाव दिले आहे. खळीच्या एका काठाला लांब ताठ करणारा एकटा असतो. दुसऱ्या काठाला उरलेले दोघे जोडीने असतात.

या लांब ताठ करणाऱ्याची वाट मजेची आहे. तो सरळ अंगठ्याकडे येत नाही. मनगटाच्या पाठीवर हाडाचा एक लहानसा उंचवटा आहे. खुंटीला दोर घालून वळवावा तशी याची कंडरा त्या उंचवट्याला वळसा घालून अंगठ्याकडे जाते. या वळणामुळेच अंगठा मागे उचलला जातो. पण जेथे वळण तेथे घासण्याची भीती. मनगटाचे हाड मोडून ते नीट सांधल्यानंतरही काही आठवड्यांनी एखाद्या रुग्णाची ही कंडरा झिजून अचानक तुटते. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलावयास सांगितले तर तो उचलत नाही. अंगठ्याला काहीही लागलेले नसते. दोर मनगटावर तुटलेला असतो.

जवळचे चौघे

तळहाताकडे पाहिले तर अंगठ्याच्या बुडाशी एक मांसल उंचवटा दिसतो. हस्तसामुद्रिकवाले त्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात आणि त्याला वळसा घालून जाणाऱ्या रेषेला आयुष्यरेषा. शुक्राशी त्याचा संबंध कितपत आहे ते ज्योतिषी जाणोत. शरीरशास्त्राला तेथे तीन स्नायू दिसतात, आणि ती रेषा म्हणजे अंगठा समोर येताना कातडीला जेथे घडी पडते ती जागा.

या तिघांत सर्वांत वरचा स्नायू अंगठा तळहातापासून पुढे उचलतो. हात टेबलावर उताणा ठेवून अंगठा छताच्या दिशेने उभा करावा. उंचवट्याची बाहेरची कड टणक होते, तो हा. त्याच्या शेजारचा आखूड स्नायू अंगठ्याला बुडाशी वाकवतो. आणि या दोघांच्या पोटात दडलेला तिसरा स्नायू अंगठ्याच्या तळहातातील हाडालाच वळवून बोटांच्या समोर आणतो. वैद्यकात याचे नाव ऑपोनन्स, म्हणजे समोरासमोर आणणारा. हा दिसत नाही आणि त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. तथापि मनुष्याच्या हाताला जे वैशिष्ट्य लाभले, त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

चौथा स्नायू तळहाताच्या खोल भागात आडवा पसरलेला आहे. मधल्या बोटाच्या तळहातातील हाडापासून निघून तो पंख्यासारखा निमुळता होत अंगठ्याच्या बुडाशी येतो आणि अंगठ्याला तळहाताकडे ओढतो. चिमटीचा दाब मुख्यतः याचा. किल्ली फिरवताना, कागद ओढताना, पिशवीचे बंद धरताना हाच राबत असतो. त्याला अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील एक शेजारी मदत करतो. चिमूट घट्ट दाबली असता हाताच्या पाठीवर त्या बेचक्यात जो गोळा फुगतो, तो या शेजाऱ्याचा.

समोरासमोर येणे

एवढे दोर असूनही सांधा साधा बिजागरीचा असता तर त्यांचा फारसा उपयोग झाला नसता. अंगठ्याच्या अगदी मुळाशी, मनगटालगत जो सांधा आहे त्याची घडण खोगिरासारखी आहे. दोन खोगिरे एकमेकांवर आडवी-उभी ठेवावीत तशी दोन्ही हाडांची टोके परस्परांत बसलेली असतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे जातो, जवळ-दूर जातो, आणि जाता जाता स्वतःभोवती थोडा वळतोही. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावून पाहावे. सुरुवातीला अंगठ्याचे नख बाजूला पाहत असते. शेवटी अंगठ्याचा मऊ भाग करंगळीच्या मऊ भागाला सरळ भिडतो. हे वळणे म्हणजेच समोरासमोर येणे.

ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपिअर यांनी १९५६ मध्ये हाताच्या सर्व पकडींची दोन वर्गांत विभागणी केली: बळाची पकड आणि नेमकेपणाची पकड. कुऱ्हाडीचा दांडा मुठीत आवळतो ती पहिली. सुई चिमटीत धरतो ती दुसरी. चिंपांझी फांदीला लोंबकळताना बळाची पकड उत्तम घेतो. पण त्याचा अंगठा बोटांच्या मानाने आखूड, आणि माणसाच्या अंगठ्याचे टोक वाकवणारा जो लांब स्वतंत्र स्नायू आम्ही वर सांगितला, तसा त्याच्याजवळ नाही. पहिले पेर ताठ करणारा आखूड स्नायूही त्याला वेगळा नसतो. त्यामुळे बोटांच्या टोकांनी घट्ट आणि नेमकी चिमूट धरणे त्याला आपल्यासारखे साधत नाही. सुई, लेखणी आणि छिन्नी यांचा इतिहास या दोन-चार स्नायूंच्या वेगळेपणाशी असा जोडलेला आहे.

मेंदूनेही या अवयवासाठी हात आखडता घेतलेला नाही. कॅनडातील माँट्रिअल येथे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करून शरीराचा कोणता भाग हलतो हे टिपले, आणि १९३७ मध्ये सहकाऱ्यासह ते प्रसिद्ध केले. त्या नकाशात सबंध धडापेक्षा हाताला कितीतरी जास्त जागा आहे, आणि त्यात अंगठ्याचा हिस्सा मोठा आहे.

तीन मज्जातंतूंची हुकमत

आता या आठ स्नायूंना हुकूम पोहोचतो कसा ते पाहू. कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. मानेतून निघून हातात उतरणारे तीन मोठे मज्जातंतू अंगठ्याचा कारभार वाटून घेतात.

पाठीकडचा मज्जातंतू दंडाच्या हाडाला वळसा घालून पुढच्या हाताच्या पाठीवर येतो. अंगठा दूर नेणे व ताठ करणे ही कामे करणारे तिन्ही दूरचे स्नायू त्याच्या ताब्यात आहेत. मधला मज्जातंतू पुढच्या हाताच्या मधोमध येतो. टोक वाकवणाऱ्या लांब स्नायूला तो वाटेतच हुकूम देतो, मग मनगटाच्या बोगद्यातून तळहातात शिरून शुक्राच्या उंचवट्यातील स्नायूंना फांदी देतो. तिसरा, करंगळीकडचा मज्जातंतू. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या याच्या. नावाप्रमाणे तो करंगळीकडे जातो खरा. पण तेथे न थांबता तळहाताच्या खोलातून आडवा येतो आणि अखेरीस अंगठा जवळ ओढणाऱ्या त्या पंख्यासारख्या स्नायूत संपतो.

थोडक्यात सांगावयाचे तर, पहिला मज्जातंतू अंगठा उघडतो, दुसरा त्याला समोर आणतो, तिसरा त्याला दाबतो. साधी चिमूट घेण्यासाठी तिघांचे एकमत व्हावे लागते. तिघांपैकी एक जरी गप्प बसला तरी अंगठा जागेवर असून कामातून जातो.

दोष कोठे शोधावा

यावरून निघणारा व्यावहारिक धडा असा की, अंगठा दुबळा झाला म्हणजे अंगठ्याकडे पाहून भागत नाही. काही उदाहरणे घेऊ.

एखाद्याला किल्ली फिरवता येईना, कागद चिमटीत टिकेना. त्याला अंगठा व तर्जनी यांच्यात सपाट कागद धरावयास सांगावे आणि आपण तो ओढावा. जवळ ओढणारा स्नायू निकामी असेल तर रुग्ण नकळत अंगठ्याचे टोक वाकवून कागद धरू पाहतो. म्हणजे तळहातातल्या आजारी नोकराचे काम पुढच्या हातातल्या नोकराकडून करून घेतो. फ्रेंच वैद्य फ्रोमाँ यांनी १९१५ मध्ये ही खूण वर्णन केली आणि ती आजही तपासणीत वापरतात. खूण अंगठ्यावर दिसली तरी दोष बहुधा कोपराच्या मागे, करंगळीकडच्या मज्जातंतूत असतो.

दुसरे उदाहरण घरोघर आढळणारे. मध्यम वयाच्या स्त्रीला रात्री झोपेतून जाग येते; अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात; हात झटकला की बरे वाटते. काही महिन्यांनी हातातून भांडे निसटू लागते. मनगटाच्या ज्या बोगद्यातून मधला मज्जातंतू जातो, त्याच बोगद्यातून बोटांच्या आठ आणि अंगठ्याची एक अशा नऊ कंडरा जातात. तेथे सूज आली की दाब मज्जातंतूवर येतो. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइड ग्रंथीची मंद गती यांत हा विकार अधिक आढळतो. प्रारंभी रात्री मनगटाला आधाराची पट्टी बांधणे पुष्कळदा पुरते. पुढे बोगद्याचे छत कापून मोकळे करण्याची लहानशी शस्त्रक्रिया लागते. मात्र शुक्राचा उंचवटा सपाट होईपर्यंत वाट पाहिली तर मुंग्या थांबल्या तरी गेलेले मांस पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

तिसरे, तान्ह्या मुलाच्या आईचे. मूल दोन्ही हातांनी काखेत धरून उचलताना मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की ती कळ असह्य होते. येथे मज्जातंतूचा दोष नाही. तपकिरीच्या खळीच्या काठावर जोडीने जाणाऱ्या दोन कंडरा ज्या म्यानातून जातात ते म्यान जाड झालेले असते. स्विस शस्त्रवैद्य द केर्व्हाँ यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. विश्रांती, अंगठ्याला आधार आणि जरूर तर एखादे इंजेक्शन यांनी बहुतेकींना आराम पडतो. "मूल उचलायचे म्हणजे हात दुखणारच" असे म्हणून सुनेला गप्प बसवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

चौथे उदाहरण उतारवयाचे. अंगठ्याच्या मुळाचा तो खोगिरासारखा सांधा झिजतो आणि डब्याचे झाकण उघडणे जड जाते. याचे कारण स्नायूंच्या ओढीत आहे. अमेरिकेतील कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये केलेल्या गणिताप्रमाणे चिमटीच्या टोकाला एक किलोचा दाब दिला तर मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा भार पडतो. चिमूट स्थिर राहावी म्हणून सगळे दोर एकदम ओढले जातात, त्या ओढीची बेरीज मुळाशी होते. म्हणून अशा माणसाने चिमटीची कामे कमी करून जाड मुठीच्या वस्तू वापराव्यात, हा सल्ला वाटतो तेवढा क्षुल्लक नाही.

ज्या रोगाने सर्वांत जास्त अंगठे नेले

आमच्या देशात अंगठ्याचे मोल ज्यांना सर्वांत महाग पडले ते कुष्ठरुग्ण. या रोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात, आणि कातडीजवळून जाणारे मज्जातंतू त्यांना सोयीचे पडतात. करंगळीकडचा मज्जातंतू कोपराजवळ आणि मधला मज्जातंतू मनगटाच्या थोडा वर, अशा दोन जागी ते घर करतात. परिणामी बोटे आखडतात, चिमटीचा दाब जातो, शुक्राचा उंचवटा सुकतो आणि अंगठा तळहाताच्या बाजूला एखाद्या जादा बोटासारखा पडून राहतो. बोटे रोगाने झडतात हा समज खरा नव्हे. संवेदना गेलेल्या हाताला चटके व जखमा कळत नाहीत, आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे झिजतात.

अशा हातांना कायमचे मेलेले मानण्याची रीत होती. १९४७ च्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शस्त्रवैद्य पॉल ब्रँड चेंगलपट्टू येथील कुष्ठधामात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्याकडे गेले होते. बोटे आखडलेल्या एका रुग्णाला त्यांनी आपला हात दाबावयास सांगितले. पकड इतकी घट्ट बसली की ब्रँड यांना वेदना झाली. जो हात मेला असे सर्व समजत होते, त्याच्या मागे बलवान स्नायू जिवंत होते. याचे कारण वर येऊन गेले आहे. मधल्या मज्जातंतूवर घाव मनगटाजवळ पडतो. पुढच्या हातातील स्नायूंकडे जाणाऱ्या त्याच्या फांद्या त्याच्या आधीच फुटलेल्या असतात. मग ते दूरचे बळ तळहातात का आणू नये?

यातूनच वेल्लोरला हातांच्या पुनर्रचनेचे मोठे काम उभे राहिले. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यांपैकी एक दिली तरी बोटाचे काम चालते. अनामिकेची अशी एक कंडरा सोडवून, मनगटाजवळून वळवून अंगठ्याला जोडतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सांगतात, "अनामिका वाकवण्याचा विचार करा." तो तसा विचार करतो आणि अंगठा समोर येतो. काही आठवड्यांच्या सरावाने मेंदू ही नवी वाट आपलीशी करतो आणि रुग्णाला अनामिकेची आठवणही काढावी लागत नाही. मनगटावर तुटलेल्या त्या लांब ताठ करणाऱ्या दोराच्या जागीही अशीच उसनवारी चालते. तर्जनीला ताठ करणाऱ्या दोन कंडरा आहेत. त्यांतील एक अंगठ्याला देतात.

महाराष्ट्रात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवनात याच हातांनी शेती पिकवली, माग चालवले. ज्या हातांना भीक मागण्याखेरीज काम उरले नव्हते त्यांना पुन्हा कमावते करणे, हा या सर्व शास्त्राचा खरा अर्थ आहे.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केल्यापासून हा रोग सहा महिन्यांत किंवा एका वर्षात बरा करता येतो, आणि सरकारी आरोग्यकेंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. २००५ च्या डिसेंबरात भारताने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य गाठले. परंतु रोग संपला असे समजणे घातक ठरेल. २०२२-२३ या एका वर्षातही देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. जंतू मेले तरी मेलेला मज्जातंतू आपोआप उठत नाही. मज्जातंतूची शक्ती कमी होऊ लागल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत सूज उतरवणारी औषधे मिळाली तर पुष्कळदा ती परत येते. उशीर झाला की मग कंडरांची उसनवारी हाच मार्ग उरतो.

तुटलेला अंगठा

शेवटी कारखान्यातील व शेतीच्या यंत्रावरील कामगारांसाठी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई या शस्त्रवैद्यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने रक्तवाहिन्या शिवून परत जोडला. अंगठा जोडता येतो आणि हलूही शकतो, याचे एक कारण आमच्या विषयातच आहे. तुटून पडलेल्या तुकड्यात स्नायू जवळजवळ नसतात. रक्ताविना स्नायू काही तासांतच नासतो. हाड, कातडी आणि कंडरा अधिक काळ टिकतात. ओढणारे स्नायू तर मागे हातातच शाबूत असतात. त्यांना दोर तेवढा जोडून हवा असतो. म्हणून तुकडा टाकून देऊ नये, आणि थेट बर्फातही ठेवू नये. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि जखमीला तुकड्यासह ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

अंगठ्याचे बळ कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ते पुढच्या हातात आहे, तळहातात आहे, कोपरामागून जाणाऱ्या तंतूत आहे आणि मेंदूच्या एका भल्यामोठ्या पट्ट्यात आहे; अंगठ्यात ते केवळ प्रकट होते. म्हणून वर्षातून एकदा तरी आपले दोन्ही तळहात शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडचे शुक्राचे उंचवटे सारखे भरलेले आहेत ना, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात एका हाताला खळगा तर पडत नाही ना, अंगठा करंगळीला सरळ भिडतो ना, कातडीवर बधिर असा फिका चट्टा नाही ना, एवढे पाहावयास अर्धा मिनिट लागतो. फरक दिसला तर तो वयाचा किंवा थकव्याचा म्हणून सोडू नये. मज्जातंतूपासून तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्ष वाट पाहतो. त्यानंतर त्याचे मांस पुन्हा हुकूम घेण्याच्या लायक राहत नाही. ही मुदत आपल्या हातची आहे, तोवर वैद्याकडे जावे.